मोकळी बोली

ईसाफ्योर्दुरला नोव्हेंबरात दुपारीच अंधारतं.
मासळीच्या गोदामावर एक खोली, चार टेबलं,
गुरुवार म्हणजे ब्रिज.
माझा भिडू केटिल. बंदरावर कॉड तोलायचा जन्मभर,
अजून तोलूनच बोलतो.

तो म्हणतो, एक बदाम.
मी, एक इस्पिक.
यावर त्याला पास म्हणता येत नाही.
पत्ते कितीही फुटके असोत,
नवा रंग म्हणजे बांधील बोली:
तोंड उघड, माझं अजून संपलेलं नाही.

तो, दोन बदाम.
ही मोकळी.
एवढंच आहे गं माझ्याकडे,
हवं तर थांब इथेच, राग नाही.

एकोणीस वर्षांपूर्वी, नवखा होता तेव्हा,
माझ्या एक इस्पिकवर त्याने
हिरवं पासचं कार्ड ठेवलं होतं. शांतपणे.
मी अकरा हात केले,
बोली होती साताची,
आणि गाडीपर्यंत त्याच्याशी चकार शब्द बोलले नाही.
तेव्हापासून तो चुकला नाही कधी.
टेबलावर.

आज कोट चढवताना म्हणाला,
'बोगद्यापलीकडे रस्ता बंद झालाय म्हणे.'
मग मफलरच्या आतून,
'सूप जरा जास्तच झालंय माझ्याकडे.'

मी बुटाची नाडी बांधत राहते.
हा नवा रंग,
की जुनाच, एक पायरी वर?
चेहऱ्यावरून ओळखायचं नसतं,
नियमच आहे तसा.

तो दार धरून उभा. बर्फ आत येतोय.

'कसलं सूप?' मी विचारते.