पहिला दिवस, फानो बेट

बग्गी आज गाडीतच राहू दे,
इंगेलिसे म्हणाली.
दोन मीटरचा पतंग वाळूत पालथा घालून
तिने त्यावर ओंजळभर ओली वाळू ठेवली,
वासरानं वारं पिण्याआधीच
दावं बांधावं, तशी.

हेल्मेट. मग मनगटाचा पट्टा.
"आता सोड."
अजून उडवलाही नाही, मी म्हणालो.
"म्हणूनच."

वीसदा नुसत्या मुठी उघडल्या.
एकविसाव्यांदा पतंग वर गेला
आणि वाऱ्याने मला खांद्यांतून उचलून
चार पावलं पुढे ठेवलं.
मुठी, मूर्ख मुठी,
घट्टच.

ती हसली नाही.
तिच्या डाव्या कोपरावरची जुनी शिवण
थंडीनं जांभळी झाली होती.

भरती येत होती,
कुणाच्या तरी तीन चाकांच्या रेषा
सावकाश पुसत.

"परत," ती म्हणाली.