चुकलेली गणितं

सातवीची वही संपली तेव्हा
बाप म्हणाला, "ह्यातली नको असलेली पानं दे."
मी गणिताची दिली,
लाल फुल्यांची आधी.

पाटणच्या वरच्या अंगाला आमचं गाव.
घरात दारू आहे म्हटलं की
खालचे पाहुणे गालात हसायचे.
आमची दारू शिंगात असायची, बाटलीत नाही,
आणि बंदूक ठासणीची,
परवान्यावर आजोबाचं नाव खोडून
त्याखाली दगडू झोरे.

चुलीपासून लांब, ओसरीच्या टोकाला घोंगडं अंथरायचं.
करवंदीची काठी, नळीहून जराशी बारीक,
मेहबूब शिकलगारानं बाजारच्या दिवशी
पैसे न घेता कानस मारून दिलेली.
वाटीत नाचणीची खळ,
गोधडीतून उसवलेला दोरा,
बोटाएवढं पोळ्याचं मेण.
मी पान काठीवर गुंडाळायची,
बूड पिळून गाठ मारायची, काठी अलगद ओढून घ्यायची.
बाप वरून माप ओतायचा
श्वास धरून,
तान्ह्याच्या कानात तेल सोडावं तसा.
छरे कधीमधीच.
"डुकराला मरणाचं भ्या नसतं," म्हणायचा,
"त्याला आवाजाचं असतं."

पुढचे दोन दात नव्हते त्याला.
पुडीचं तोंड तो सुळ्यानं फाडायचा,
म्हणून त्याचं हसूही एका बाजूनंच उघडायचं
आणि नाचणी निसवल्यापासून खळ्यावर येईतो
त्याचे ओठ काळे.

रात्री माळ्यावरून बार व्हायचा,
समोरचा डोंगर तो परत पाठवायचा,
मी गोधडीत कूस बदलायची.
सकाळी वाफ्यात जळके कपटे:
'बाकी ३',
'म्हणून उत्तर',
अर्धी फुली.
दवानं भिजून नाचणीच्या पानांना चिकटलेले.
माझं गणित कच्चं आहे
हे आमच्या शिवारातल्या डुकरांना
गुरुजींइतकंच ठाऊक होतं.

मग निवडणूक लागली.
पोलीस पाटील सांगावा घेऊन आला.
बापानं बंदूक घोंगड्यात बांधून ठाण्यात नेली,
पावती आणली, टोपीच्या घडीत ठेवली.
ती पावती एवढी जाड, एवढी कोरडी,
तिची पुडी सुरेख झाली असती.
मी बोलले तसा पहिल्यांदाच माझ्यावर ओरडला.
तेवीस पुड्या बिस्किटाच्या डब्यात राहिल्या.
त्या कुणी मागितल्या नव्हत्या.

मतं मोजून झाली, बंदूक घरी आली.
बापानं गज उचलला, थांबला,
नळीत एक डोळा घालून बघितलं.
कुंभारणीनं आत घर केलं होतं,
तोंडाशी ओल्या मातीचं बूच,
अंगठ्यानं लिंपल्यासारखं.
ठाण्याच्या कोठीत की आमच्या दारात, कोण जाणे.
आई म्हणाली, "घाला की गज."
त्यानं बंदूक आढ्याला टांगली.
"होऊ दे तिचं."

त्या वर्षी तो रात्रभर पत्र्याचा डबा बडवत बसला.
डुकरं दोन दिवस बिचकली,
तिसऱ्या दिवशी त्यांना डबा कळला.
खालची पट्टी सगळी लोळवली.
आई महिनाभर त्याला जेवायला वाढताना
ताट जरा जोरात ठेवायची.

आता बंदूकही नाही, बापही नाही.
मी कराडला सोसायटीच्या दुकानात हिशेब लिहिते.
परवा माहेरून डबा आणला,
एक पुडी बादलीवर धरून सोडवली.
दोरा कुजलेला, गाठ मात्र माझीच.
दारू पाण्यात सांडली, काही झालं नाही.
पान उलगडलं. हौदाचं गणित होतं,
दोन तोट्या भरतात, एक रिकामा करते.
खाली फुली.

सोडवून बघितलं, पुन्हा एकदा बघितलं.
उत्तर तेच येतंय, तेव्हा लिहिलेलं.
गुरुजी चुकले असतील
किंवा मी अजून तिथंच चुकते.

कागदाच्या घडीत एक काळा कण राहिला होता.
जिभेला लावला.
खारट.