पाव फेरा

चाफले साहेबांची सही अजून आहे माझ्याकडे,
ट्रेसिंग पेपरच्या उजव्या कोपऱ्यात,
'तपासले' या शब्दासमोर.
रेखाटले : मी.
मंजूर : तेही साहेबच. कंपनीला डायरेक्टर दोनच,
आणि दुसरे त्यांचे सासरे.

हिंगण्याच्या शेडमध्ये मे महिन्यात
पत्रा तडतडायचा,
आणि साहेब शंभर मिलिमीटरच्या व्हॉल्व्हला
कान लावून बसत.
"गळतंय."
आम्हाला काही ऐकू यायचं नाही.
बांधलेली खोकी परत खोलायला लावत.
एका थेंबापायी भिलाईची ऑर्डर गेली,
सासरे आठवडाभर बोलले नाहीत.

मग कुणीतरी म्हणालं, साहेब, उभे राहा.
राहिले.
पोस्टर लागलं तेव्हा फिटर पोरं हसली :
कुडत्याच्या खिशाला
सहा इंची स्टीलची पट्टी तशीच.
पडले. परत उभे राहिले. निवडून आले.
शेड विकली. माझा हिशेब चोख दिला,
वरच्या पंचेचाळीस पैशांसकट.

परवा आमच्या गल्लीत आले,
नव्या पाइपलाइनच्या भूमिपूजनाला.
मंडप, ताशा, कुदळीला रिबीन.
भाषण अर्ध्यावर असताना नजर गेली
चेंबरमधल्या जुन्या व्हॉल्व्हकडे.
आमचाच. बिडावरचा नंबर अजून वाचता येतो.
माइक कुणाच्या तरी हातात देऊन
ते पांढऱ्या कपड्यांनिशी गुडघ्यावर बसले.
"ग्लँड गळतेय. चोवीसचा पाना आणा रे."
कार्यकर्त्यांनी एकमेकांकडे पाहिलं.
पाना मी घरून आणला.

दोन फेरे. थेंब थांबला.
साहेबांनी कान लावला, मग वर पाहिलं.
मला ओळखलं की नाही, सांगता येत नाही.

तेवढ्यात भागाबाई मेंढे, काखेत गुंड :
"काहून बंद केलं जी?
चार रोज झाले, नळाले पानी नाही.
रातभर गुंड तिथंच तर लावून ठेवतो आमी."

ताशेवाला टिपरू खाजवत बसला.
साहेब खिशातली पट्टी चाचपत राहिले,
मोजायला काही सापडेल जणू.
मग पाना उलटा धरला.
पाव फेरा.
थेंब आला. आणखी किंचित.
सुताएवढी धार.
कुणी टाळी वाजवली नाही. भागाबाईनं गुंड सरकवला.

रात्री मी तो ट्रेसिंग पेपर काढला,
ग्लँडच्या नटाशी शिसपेनीनं बाण ओढला
आणि बाणापुढे काय लिहावं
ते सुचेना.