साडेआठ ते नऊ

याकुत्स्कहून विमान सुटतं साडेआठला,
मॉस्कोत उतरतं नऊला.
तिकिटावर पाहिलं तर अर्ध्या तासाची वाट,
शेजारणीकडून मीठ मागून आणावं एवढी.
खरे तास साडेसहा.
त्यातले सहा कुठे जातात
ते मी पहिल्या वर्षी सगळ्यांना विचारायचे,
आता विचारत नाही.

आईनं अंतर मोजलं होतं दोऱ्यानं,
शाळेतल्या पृथ्वीगोलावर, पाचवीच्या वर्गासमोर.
एक टोक लेना नदीच्या वळणावर, तिच्या नखाखाली,
दुसरं पार पलीकडच्या लाल ठिपक्यावर.
मग दोरा हातावर धरला : चार बोटं.
त्याच आठवड्यात मला नर्सिंगला प्रवेश मिळाला होता,
स्वर्ग तिला दोनच बोटं उरला होता.
वरच्या दोन बोटांविषयी
ती आजवर काही बोललेली नाही.

आज रात्री दोनला फोन. तिकडे सकाळचे आठ.
'तुयारा, उणे एकावन्न आहे, धुकं आहे, पण सोडतायत.
खोकं दिलंय एकाकडे. न्युर्गुन नाव.
कोल्ह्याच्या कातड्याची टोपी.
नाही गं, ओळखीचा कुठला,
रांगेत पुढे उभा होता.'

न्युर्गुन बाहेर आला तेव्हा टोपी हातात होती
आणि डोळे लाल.
'खिडकीशी बसलो होतो,' तो म्हणाला,
'तांबडं फुटलं, ते फुटतच राहिलं.
जेवण आलं, ताटं गेली, शेजारचा घोरून उठला,
सूर्य आपला तिथेच, कडेला टेकलेला,
वर येईना की खाली जाईना.
मला वाटलं याला कुणी हाक मारायला हवी.'
खोकं त्यानं पायाशी ठेवलं होतं.
गरम हवा तिथूनच यायची, हे त्याला उतरताना कळलं.
तीनदा माफी मागितली.
चहाला थांबला नाही, त्याला पुढे सोचीला जायचं होतं,
अजून अडीच तास, यावेळी खरेखुरे.

हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात सुतळी सोडली.
गुरुवारचं वर्तमानपत्र, त्यात चीर मासा,
डोक्याकडून फळीसारखा कडक.
असाच गोठलेला तासायचा असतो तो,
लाकडाच्या ढलप्यांसारखे पातळ काप,
मीठ, मिरी, आणि जिभेवर विरघळायच्या आत दुसरा.
शेपटीवर बोट दाबलं.
रुतलं.

सहा तास इथे होते तर.
कुठल्याच घड्याळाला न सापडलेले,
थेंब थेंब कागदात उतरलेले,
हवामानाचा रकाना भिजवून
उण्याची खूण पुसून टाकलेले.
छापील एकावन्न तेवढे उरले होते,
कडक उन्हाळ्यासारखे.

अकराला तिचा फोन. तिकडे केव्हाच अंधारलेलं.
'पोचलं?'
'पोचलं की. अर्ध्या तासात.'
ती हसली. हा विनोद आमचा जुना.
'आणि मासा?'

मी शेपूट कापून सूपाच्या भांड्यात टाकत होते.
'दगड आहे नुसता,' म्हटलं,
'सुरी लागत नाही.'
आणि दुसऱ्या हातानं
टेबलावरचं पाणी पुसून घेतलं.