गाडी एक, माणसं पाच

दाभोळच्या धक्क्यावर माझी खिडकी.
बारा वर्षं तेच विचारतेय :
गाडी कुठली, माणसं किती,
रिटर्न हवंय का.
समोर धोपावे. त्याच्यापलीकडे
लोक जिथं जिथं जातात ते सगळं.

मे महिन्यात रांग पार बाजारापर्यंत येते.
टपावर बांधलेल्या बॅगा, काचेला नाक लावलेली पोरं,
कुणी माझ्या खिडकीखालीच ओकतं,
कुणी विचारतं, पुढं मासे चांगले कुठं मिळतील?
मी सांगते. ऐकलेलंच सांगते.
स्वतः रत्नागिरीच्या पुढं गेलेले नाही,
आणि रत्नागिरीलाही दोनदाच,
दोन्ही वेळा सिव्हिलमध्ये.

यंदा मात्र ठरलं.
मे नाही. मी मे महिन्यात रजा मागायची म्हणजे
भटजीनं लग्नसराईत आजारी पडायचं.
दिवाळीची सुट्टी. भाऊबीज उरकली की दुसऱ्या पहाटे.

जेवणं झाल्यावर ताटं सरकवून नकाशा मांडला,
म्हणजे मोबाइल, आमटीच्या वाटीला टेकवून.
रेवतीला गोकर्ण, वर्गातली कुणीतरी जाऊन आली म्हणून.
हर्षलला थेट कन्याकुमारी :
जिथं जमीन संपते तिथं गाडी उभी करायची.
ह्यांनी कॅलेंडरच्या पाठीवर हिशेब काढला.
सीएनजी कुठपर्यंत, मग पेट्रोल,
मालवणात चुलत मेहुण्याकडे एक रात्र फुकट,
मागचं टायर आत्ता की आल्यावर.
कन्याकुमारी पहिल्याच गुणाकारात गेली.
हर्षलनं मोबाइल पालथा घातला.
सगळी दक्षिण ताटाकडे तोंड करून.

तेव्हा पडवीतून आबा म्हणाले,
"व्हनावर लागंल काय वाटंत?"

माझे सासरे. बंदरात अजून सोनू तांडेल म्हणतात.
तरुणपणी गलबतावर होते, मंगळूरहून कौलं आणायचे.
जयगड, पूर्णगड, देवगड, वेंगुर्ला, कारवार :
गावं त्यांना दिव्यांवरून पाठ,
कुठला कसा उघडतो, कुठला किती वेळ मिटतो.
"सगळी बघितली, पण तोंडाकडनं.
तुमचा रस्ता पाठीकडनं जातो.
पाठ नाय बघितली कुणाचीच."

मग उठले, आणि थेट माझ्या मांडणीकडे.
तांदूळ मोजायची पितळी तपेली काढली,
काठाला पोचा असलेली.
"ही त्यांची."
होनावरच्या खाडीत अकरा दिवस वारा उलटा.
ह्यांना ताप. कुणी एक बाई
संध्याकाळी पोराच्या हाती पेज धाडायची.
बाई दिसली नाही कधी.
बाराव्या पहाटे वारा फिरला, शीड चढलं,
तपेली गलबतातच राहिली.

एवढंच. पुन्हा जाऊन पडले.

चौदा वर्षं मी हिच्यानं घरादाराचं पोट मोजतेय.
बुडाला ओरखडे आहेत, म्हटलं ओरखडेच असतील.
हर्षलनं मोबाइल उलटा केला, बुडावर धरला.
कानडी आहे, म्हणाला. नाव आहे.
'गंग' एवढं लागलं. पुढचं झिजलंय.
झिजलंय कसलं,
पुढचं मी घासून काढलंय,
पितांबरीनं, दर शनिवारी.

ह्यांनी पुन्हा पेन्सिल घेतली. होनावर, दोन रात्री.
कुणाला विचारायचं, काय विचारायचं,
कुणालाच ठाऊक नाही.
त्या गावात गंगाबाया किती असतील,
आणि ही असेल का अजून.
रेवती म्हणाली, रिकामी नाही न्यायची.
मग तांदूळ की लाडू यावर अर्धा तास भांडण,
त्यात गोकर्ण कधी गळलं कळलंच नाही.

आज खिडकीवर बसले तेव्हा
दराचा तक्ता उगाच वरून खाली वाचला.
जीप, टेम्पो, मोटारसायकल, बैल.
तपेलीला दर नाही.

पहिल्याच गाडीतून कुणीतरी मान काढली :
"ताई, पुढं रस्ता कसा आहे?"
बारा वर्षांत पहिल्यांदा खरं सांगितलं,
"ठाऊक नाही हो.
दिवाळीनंतर विचारा."