डावा खांदा

येशिमेबेतनं मला कामावर घेतलं ते कान बघून नाही,
माझ्याकडे जनरेटर होता म्हणून.
अदिस अबाबात तेव्हा वीज पाहुण्यासारखी यायची,
दारातूनच निघायची.
मी टेपचं बटण दाबायचो,
ती म्हणायची, "परत."
मी टेप मागे न्यायचो.
अकरा वर्षं एवढंच बोललो आम्ही.

मूळची ती नाचणारी.
पियासातल्या तेजघरात, मधाच्या दारूच्या दर्पात
बापाच्या मासिंकोच्या एकाच तारेवर शिकली.
तिकडे नाच पायांत नसतो.
पाय नुसते उभे, कोर्टातल्या साक्षीदारांसारखे.
बोलतात ते खांदे:
फणकारतात, थरथरतात,
मान न हलवता होकार देतात.

गुडघा गेला तेव्हा तिनं कॅमेरा उसना आणला.
लोक म्हणाले, बाईनं खांदे पाडले.
"पाडले नाहीत," ती म्हणाली, "वाटले."

पहिलं चित्रीकरण एन्तोतोच्या निलगिरीत.
नर्तक आठ, पोशाख सहा.
उरलेले दोघे झाडांमागे, फक्त हात दिसतील असे.
पुढे कुणीतरी छापलं, अनुपस्थितीची विलक्षण मांडणी.
तो कागद आम्ही जनरेटरच्या पायाखाली घातला,
डुगडुगायचा तो.

पण सांगायचंय ते दम्तेचं.
मर्कातोत सिमेंटची पोती वाहायचा,
रविवारी नाचायचा.
त्या आठवड्यात ट्रकवरून पोतं घसरलं ते याच्यावर.
आता डावा खांदा अर्ध्यापर्यंत चढे,
तिथेच अडे,
आणि मग काहीतरी आठवल्यासारखा
खाली येई.
निर्माता म्हणाला, "ह्याला काढा. पैसे माझे आहेत."
ती दम्तेकडे बघत राहिली, बराच वेळ.
ऊन उतरत होतं. गायक कंगवा शोधत होता.
मग बाकीच्या सातांना म्हणाली,
"डावा खांदा सगळ्यांचा, ह्याच्यासारखा."

सात धडधाकट माणसं दुपारभर
एकाचं दुखणं शिकत होती.
दम्ते शिकवत होता, लाजून,
जणू घरातली फुटकी भांडी दाखवतोय.
ऐन चित्रीकरणात माझं डिझेल संपलं.
टेप रडवेली झाली, गप्प झाली.
मी मान खाली घातली.
तिनं हातानं खूण केली, थांबू नका,
आणि टाळी धरली.
व्हिडिओत तोच तुकडा आहे.
नीट बघाल तर गायकाचे ओठ
गाण्याच्या केसभर मागे.

सीडीच्या वेष्टनावर गायक होता, निर्माता होता,
निर्मात्याचा मेहुणा होता.
तिचं नाव होतं, एक अक्षर गाळून.
दम्तेचं नव्हतं.
पुढच्या वर्षी तो मेतेमाच्या वाटेनं सुदानात उतरला.
खार्तूमहून एक फोन.
मग नाही.
त्याची आई माझ्याकडून ती सीडी घेऊन गेली,
घरी लावायला यंत्र नसताना.

गेल्या वर्षी बोलेच्या एका हॉलमध्ये लग्न.
ढोल सुरू झाला, माणसं उठली,
आणि तीनशे डावे खांदे
अर्ध्यापर्यंत चढले,
अडले,
खाली आले.
माझ्या हातातली बशी कलली.
येशिमेबेतही उठली, काठी खुर्चीला टेकवून.
तिचा खांदा आता सरळ चढत नाही, कुठलाच.
शेजारची चौदा-पंधराची पोर तिच्याकडे वळली,
"एतिये, तसं नाही.
डावा मध्येच थांबवायचा.
आमच्या गोंदरचं आहे हे, फार फार जुनं."

तिनं माझ्याकडे बघितलं.
मला वाटलं, आता सांगेल.
पोरीला विचारलं तिनं, "किती थांबवायचा?"
पोर विचारात पडली.
"दुखतंय इतका," म्हणाली, आणि करून दाखवलं.

मला ते पोतं दिसलं, ट्रक, उडालेली धूळ.

"परत," येशिमेबेत म्हणाली.
"परत दाखव."