पाणी न देता

दाराशी ओटिस पिटमन ट्रे पुढे करतो.
किल्ल्या, घड्याळ, केसांतल्या पिना.
पाच पिना देते. सहावी सापडत नाही,
तो सहावीसाठी थांबतो.
"तू शोध," म्हणतो, "नाहीतर चुंबक शोधेल."

टॅलाहासीत रात्रीचा दीड.
वीज स्वस्त होते तेव्हा आमचा दिवस उजाडतो.
बाहेर ओकच्या फांद्यांवरून राखाडी शेवाळ लोंबतंय,
बेडकांना कुणी गप्प म्हणत नाही.
आत, भिंतीमागे, गार पाण्याचे लोट धावतात
तांब्याच्या चकत्यांमधून,
नाहीतर मिनिटभरात सगळं वितळेल.

तुकडा करंगळीच्या नखाएवढा.
लोखंड, निकेल, चिमूटभर मँगनीज.
एक बाजू हिऱ्याच्या लेपावर घासली,
सव्वा तास,
स्वतःची भुवई नीट दिसेपर्यंत.
मग उणे पस्तीसवर ठेवून तीन आठवडे वाट पाहिली.
काही नाही.
तो जिथे बदलतो ती रेषा अजून चाळीस अंश खाली,
आणि त्याला तिकडे जायची घाई नव्हती.

ओटिस चाक फिरवावं तसा आकडा वाढवतो.
पाच टेस्ला. नऊ. बारा.
चुंबक कुणाला ढकलत नाही, हे मी लोकांना सांगून थकले.
तो फक्त एका बाजूचा उतार वाढवतो,
ज्या रूपाला त्याची ओढ कळते
त्याच्या बाजूचा.

सतरावर
स्पीकरमध्ये एक टिचकी.
ओटिस खुर्ची पुढे ओढतो.
मग दुसरी, मग मोजता येऊ नयेत इतक्या,
तव्यावर मोहरी टाकल्यासारख्या.
(तो म्हणाला पॉपकॉर्न. ज्याची त्याची फोडणी.)

एकही अणू शेजार सोडून गेला नाही.
तेच डावीकडे, तेच उजवीकडे,
फक्त अख्खी आळी एका झटक्यात कलली,
अणूभर अंतरसुद्धा पुरं न चालता,
आवाजाच्या वेगाने.

मग आकडा खाली. बारा. पाच. शून्य.
मी कान देऊन बसले.
परतीची एकही टिचकी आली नाही.

साडेतीनला तुकडा हातात.
भुवई आता दिसत नाही;
आरशाला सुयांसारख्या उंचवट्यांची रांग आली आहे,
एकीला दुसरी टेकलेली.
पुसून पाहिलं. पुसल्यानं जात नाही.
पुन्हा जुना व्हायला त्याला भट्टी लागेल,
पाचशे अंशांची.
भट्टी रिकामी होती. मी लावली नाही.

शिरोलीत तेव्हा जेवणाची सुट्टी.
आप्पांनी तीस वर्षं छिन्न्यांना पाणी दिलं,
लालभडक काढून तेलात, चुर्रर्र,
आणि कानशीने एकेकीचं पाणी जोखलं.
"कशाचं पाणी दिलंस?"
"पाणी नाही. चुंबक."
"हात न लावता?"
"हात न लावता."
फोनवर डबा बंद झाल्याचा आवाज.
"मग ठिसूळ झालं असेल. जरा तापवून घे."
मी म्हटलं, यात कार्बन नाही आप्पा,
हे ठिसूळ होत नाही.
"बरं," म्हणाले,
म्हणजे पटलं नाही.
"तरी घे."

ट्रेमधून पाच पिना उचलल्या.
सहावी घरी उशीवर सापडली.